कॉन्सिक्वेन्शियल माणूस

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, बुंदीचे लाडू वाटून झाले, तोपर्यंत नंदकुमार सबनीसांचं जगात कुणाशी वाकडं नव्हतं. घोटाळा झाला तो आभारप्रदर्शनात.

चंदीगडलगतच्या झिरकपूरमधल्या सिल्व्हर पाम हाइट्स या सोसायटीचे अध्यक्ष प्रोफेसर अहलुवालिया. हयातभर त्यांनी चंदीगडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे सोसायटीत आभार नेहमी इंग्रजीतच मानले जात. आणि तेही असे, की लग्नात आहेराची पाकिटं वाटावीत तसं प्रत्येकाच्या हातात एकेक विशेषण. लाडू आणणारे नवव्या मजल्यावरचे ग्रेवाल 'जेनरस' झाले. झेंडा फडकवणारा विंग कमांडर अभिषेक 'गॅलंट' झाला. मग प्रोफेसरांनी चष्मा सारखा केला, हात पसरले आणि म्हणाले, "अँड अवर नंदकुमारजी, अ मोस्ट कॉन्सिक्वेन्शियल मॅन!"

टाळ्या पडल्या. नंदकुमारांनी मान खाली घालून त्या स्वीकारल्या. पण टाळ्यांच्या मधोमध पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. चांगलं खुदकन हसलं. नंदकुमारांनी पाहिलं तर मिसेस अहलुवालिया ओढणी तोंडावर दाबून धरून बसल्या होत्या.

आता हे विशेषण त्यांना का मिळालं, तर पाण्याच्या टाकीमुळे. नंदकुमार चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करत. दुसऱ्याचं यंत्र नेमकं किती चुकतं ते सांगणं हे त्यांचं काम, आणि ही सवय त्यांना घरी आल्यावरही सोडवत नसे. गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते हे पाहून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक भोंगा बनवला होता. टाकी भरली की तो त्यांच्या स्वयंपाकघरात वाजे, मग ते खाली रखवालदाराला फोन करत आणि पंप बंद होई. म्हणजे सोसायटीत पाणी नंदकुमारांच्या हुकमाने चाले. त्यामुळे कुणी त्यांच्यासाठी जाहीरपणे मोठा शब्द वापरला, यात त्यांना नवल वाटलं नाही. उशीर झाला एवढंच वाटलं.

घरी येताच त्यांनी कऱ्हाडला धाकट्या भावाला फोन लावला.

"कॉन्सिक्वेन्शियल म्हणाले. सगळ्यांसमोर."

"म्हणजे काय रे दादा?"

"म्हणजे महत्त्वाचा. ज्याच्यावाचून अडतं असा," नंदकुमार म्हणाले. पण ती ओढणी काही डोळ्यांसमोरून हलेना.

दुपारी जेवताना त्यांनी मुलीला, ज्ञानदाला, शब्दकोश बघायला सांगितलं. ज्ञानदा मोहालीत आयटीत नोकरी करणारी. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतून येई. तिने फोनवर बघून वाचायला सुरुवात केली. "पहला मतलब, किसी चीज़ के रिज़ल्ट में होनेवाला. दूसरा, इम्पॉर्टंट."

"बघ," नंदकुमार बायकोला, रागिणीला, म्हणाले.

"तीसरा," ज्ञानदा अडखळली. "छोड़ो ना बाबा, ये पुराना यूज़ है."

"वाच."

"सेल्फ-इम्पॉर्टंट. जो अपने आप को बहुत कुछ समझता है."

नंदकुमारांनी हातातला घास ताटात ठेवला. वरणभातावर त्यांचं मन राहणं शक्यच नव्हतं. 'पुराना यूज़' या दोन शब्दांतच सगळा पुरावा होता. प्रोफेसर सत्तरी ओलांडलेले. जुना माणूस जुना अर्थ वापरणार नाही तर काय! आणि त्या घरातली बाई हसली, म्हणजे या विषयावर त्या घरात आधीच बोलणं झालेलं असणार. चहा पिता पिता झालेलं असणार. 'ते पाचव्या मजल्यावरचे भोंगेवाले' असा उल्लेखही झालेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणी फिरून आली ती हसतच. रोज सकाळी ती मिसेस अहलुवालियांबरोबर फिरायला जाई.

"अहो, ऐका ना, तो तुमचा शब्द..."

नंदकुमारांनी हात वर केला. "थांब. मला आधी नीट विचार करू दे."

ती थांबली. नंदकुमार विचार करत राहिले.

माणसाचा अपमान झाला असेल तर तो निमूट गिळता येतो आणि सन्मान झाला असेल तर मिरवता येतो. पण आपलं नक्की काय झालंय हेच माहीत नसेल, तर माणसाने तोंड कसं करून लिफ्टमध्ये शिरायचं? प्रयोगशाळेत एखाद्या काट्याने तीन वेळा तीन वेगळी वजनं दाखवली असती, तर नंदकुमारांनी त्याच्यावर लाल चिकटपट्टी मारून तो कोपऱ्यात ठेवला असता. प्रोफेसरांवर चिकटपट्टी मारता येत नव्हती.

म्हणून त्यांनी सल्ला घ्यायचं ठरवलं. पहिल्यांदा ते अभिषेककडे गेले. तो मूळचा नगरचा, बदलीवर आलेला आणि सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याने राहणारा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, सोपं आहे. आमच्याकडे रेडिओवर नीट ऐकू आलं नाही तर आम्ही 'से अगेन' म्हणतो. तुम्ही सरळ प्रोफेसरांना विचारा, काय म्हणालात म्हणून."

"म्हणजे त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणावं?" नंदकुमार ताडकन उठले. हवाई दलाकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती.

ग्रेवालांना मात्र त्यांचं दुःख लगेच कळलं. ग्रेवाल जमिनी आणि फ्लॅटांचे दलाल, त्यामुळे भांडण म्हटलं की त्यांच्या अंगात उत्साह येई. "साहबजी, ये तो सीधी-सीधी बेइज्जती है! केस ठोको. मेरा साला वकील है. पक्का आदमी है."

ग्रेवालांचा मेव्हणा चंदीगडच्या जिल्हा न्यायालयात बसायचा. नंदकुमारांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शब्द ऐकताच वकिलाचा चेहरा उजळला. "ये तो बड़ा शुभ शब्द है जी! नौकरी से निकाला हुआ आदमी जब कोर्ट के ऑर्डर से वापस आता है, तो लिखते हैं, विथ ऑल कॉन्सिक्वेन्शियल बेनिफिट्स. आपको कब निकाला था?"

"मुझे किसी ने नहीं निकाला."

"फिर बेनिफिट कैसे मिलेंगे?" वकील खिन्न झाला. "पहले निकलना पड़ेगा जी."

नंदकुमार परतले. विमानतळाच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे वाहनं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि त्या रांगेत उभ्या उभ्या त्यांचा संताप आणखी मुरला. एका शब्दासाठी माणसाने सरकारी रजा खर्च करावी आणि वकिलाने त्याला नोकरीतून निघायचा सल्ला द्यावा!

आता रीतसर तक्रार करणं भाग होतं. सोसायटीच्या तक्रारी हल्ली एका ॲपवर करायच्या असत. त्यात नळ होता, वीज होती, पार्किंग होतं, कुत्री होती. विशेषण नव्हतं. बरंच शोधल्यावर त्यांना 'उपद्रव, इतर' असा एक रकाना सापडला. त्यात त्यांनी लिहिलं, 'कॉन्सिक्वेन्शियल, तिसरा अर्थ. तातडीने निवारण व्हावं.'

निवारण फारच तातडीने झालं. दुसऱ्याच दिवशी पाठीवर औषधाची टाकी बांधलेला एक माणूस दारात उभा राहिला. 'उपद्रव, इतर' हा रकाना झुरळं मारणाऱ्यांकडे जात होता.

"कहाँ है जी?" त्याने विचारलं.

"क्या कहाँ है?"

त्याने फोनवर बघून शब्द जुळवत वाचला. "कॉन... सिक... जो भी है. दीमक की किस्म है क्या?"

"वो कीड़ा नहीं है!" नंदकुमार ओरडले. "वो विशेषण है! तुम्हें क्या लगता है, आदमी को कॉन्सिक्वेन्शियल बोलें तो अच्छा है कि बुरा?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "घर में कितना फैला है, उस पे है जी," असं म्हणून ओट्याखाली दोन फवारे मारले आणि तो गेला. संध्याकाळी ॲपवर संदेश आला, 'आपली तक्रार दूर झाली आहे. कृपया तारे द्या.'

रागिणी ओट्याखालून डबे बाहेर काढत म्हणाली, "अहो, मी तुम्हाला एक सांगू का? त्या दिवशी मिसेस अहलुवालिया..."

"त्या बाईचं नाव या घरात नको," नंदकुमार म्हणाले, आणि त्यांनी राजीनामा द्यायचा निर्णय घेतला.

कशाचा राजीनामा, हा प्रश्न होता, कारण त्यांच्याकडे कुठलंच पद नव्हतं. पण स्वाभिमानी माणसाला पदाची अडचण येत नाही. ते गच्चीवर गेले, स्वतःच्या हातांनी टाकीत लावलेला, पाणी भरल्याचं ओळखणारा संवेदक काढला, तार गुंडाळली आणि भोंगा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. ज्यांना नंदकुमार नुसतेच आढ्यताखोर वाटतात, त्यांनी आता आपली टाकी आपण बघावी. त्या रात्री ते गाढ झोपले.

रखवालदारही झोपला असणार, कारण फोन आला नाही की पंप बंद करायचा नाही, ही शिस्त त्याला नंदकुमारांनीच लावली होती. टाकी भरली. भरून वाहू लागली. पाणी गच्चीवर साचलं आणि बाहेर पडायला दोन वाटा शोधून निघालं. एक वाट लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत जात होती. दुसरी गेली गच्चीच्या थेट खाली असलेल्या ग्रेवालांच्या दिवाणखान्यात. तिथे गेल्याच महिन्यात त्यांनी पीओपीचं नक्षीदार छत करून घेतलं होतं, मधोमध कमळ, आणि कमळाच्या पाकळ्यांतून निळे दिवे. सकाळी ते कमळ सोफ्यावर उतरलं होतं.

ग्रेवालांनी विम्याच्या माणसाला बोलावलं. तो आला, त्याने ओला सोफा पाहिला, कमळ पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. त्यानंतर ग्रेवाल चार मजले खाली उतरून थेट नंदकुमारांच्या दारात आले. साहबजी, जी, सगळं गळून पडलेलं.

"पता है वो क्या बोला? बोला, ये कॉन्सिक्वेन्शियल लॉस है, मतलब किसी और चीज़ के रिज़ल्ट में हुआ नुकसान, ये पॉलिसी में नहीं आता! आपका ही शब्द है ना ये? ले लो वापस!"

"ग्रेवालजी, मैंने तो इस्तीफा दिया था..."

"मेरी छत पे?" ग्रेवाल गरजले. "अब मैं केस ठोकूँगा. वकील तो आपने देखा ही है."

दार लावून घेतल्यावर नंदकुमार बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसले. ज्ञानदा म्हणाली, "बाबा, बस एक वर्ड था यार." त्यांनी पेला खाली ठेवला. आपल्या अपमानाची चौकशी करायला निघालेला माणूस अखेरीस स्वतःच आरोपी होतो, हा कुठला न्याय? ग्रेवालांनीच त्यांना चढवलं होतं आणि आता ग्रेवालांचंच छत त्यांच्या डोक्यावर होतं. शिवाय उद्यानातली मुलं त्यांना 'कॉन्सी अंकल' म्हणू लागली होती, तेही प्रेमाने, म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

रविवारी सकाळी सोसायटीची खास सभा बोलावली गेली. विषय दोन. टाकीचं पाणी आणि 'श्री. सबनीस यांचा गैरसमज'. 'गैरसमज' हा शब्द वाचून नंदकुमारांच्या कानशिलाची शीर उडू लागली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. रागिणी आणि ज्ञानदा आधीच जिन्याने खाली गेल्या होत्या, कारण भिजल्यापासून लिफ्टचा काही नेम राहिला नव्हता. पण महत्त्वाच्या सभेला घामाघूम होऊन जाणं नंदकुमारांना पटेना. त्यांनी बटण दाबलं. दार उघडलं. आत प्रोफेसर अहलुवालिया, काठी घेऊन.

मागे फिरलं तर घाबरल्यासारखं दिसेल म्हणून नंदकुमार आत शिरले. दोघांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. लिफ्ट दोन मजले उतरली, तिने एक उचकी दिली आणि ती थांबली. पंखाही थांबला.

प्रोफेसरांनी लाल बटण दाबलं. थोड्या वेळाने खालून रखवालदार ओरडून म्हणाला की मेकॅनिक मोहालीहून निघालाय, विमानतळाच्या रस्त्यावर अडकलाय.

मग नंदकुमारांनी घसा साफ केला. जन्मभर काटेकोर मोजमाप केलेल्या माणसाला तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळताना तरी नेमकं उत्तर हवंच होतं.

"प्रोफेसर साहब, एक ही बात बताइए. दूसरा मतलब या तीसरा?"

प्रोफेसरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नंदकुमारांना वाटलं आता व्याख्यान सुरू होणार. पण प्रोफेसरांचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोई भी नहीं."

"कोई भी नहीं मतलब?"

"मुझे कॉन्शिएन्शियस कहना था, नंदकुमारजी. जो अपना काम दिल लगाकर, ईमानदारी से करता है. आप ही के लिए रात को सोचकर रखा था. मुँह से निकल गया दूसरा." त्यांनी वर बंद पंख्याकडे पाहिलं. "नए दाँत लगे थे उसी हफ्ते. मेरी बीवी मुझ पर हँसी थी, आप पर नहीं. घर आकर भी हँसती रही."

नंदकुमार उसळले. "तो फिर बता देते! सोळा तारखेला सांगितलं असतं..." घाईत ते मराठीत गेले. "मैं वकील तक गया! मेरे घर में दवाई छिड़क गए लोग!"

"कैसे बताता?" प्रोफेसर म्हणाले. "सारी उम्र दूसरों की अंग्रेज़ी सुधारी है मैंने. यहाँ के नोटिस तक लाल पेन से ठीक करता हूँ. ग्रेवाल की बेटी की शादी का कार्ड मैंने तीन बार वापस किया था. सबको पता चला कि अहलुवालिया दो शब्दों में फ़र्क नहीं कर सकता, तो... आप समझ रहे हैं ना?" मग ते काठीवर टेकून म्हणाले, "आज सभा में बता दूँगा. अब छत गिर चुकी है. और छुपाना ठीक नहीं."

नंदकुमारांना अजून पुष्कळ रागवायचं होतं. महिनाभराचा साठा शिल्लक होता. पण समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम होता. चारचौघांत एका शब्दावरून आपलं हसू झालं तर कसं वाटतं, हे सिल्व्हर पाम हाइट्समध्ये नंदकुमारांएवढं कुणाला समजणार होतं? त्यांनी खिशातून रुमाल काढून प्रोफेसरांना दिला. स्वच्छ होता, इस्त्रीचा.

मेकॅनिकने दोघांना बाहेर काढलं तेव्हा सभा ताटकळून वैतागली होती. ग्रेवालांनी कमळाची एक पाकळी पुरावा म्हणून आणली होती. पहिल्या रांगेत मिसेस अहलुवालिया, शेजारी रागिणी. प्रोफेसर उभे राहिले, चष्मा सारखा केला. "लेडीज अँड जेंटलमेन, पंद्रह अगस्त को मैंने एक शब्द..."

"वो शब्द बिल्कुल सही था!" मागून आवाज आला. नंदकुमार उभे होते. आपण का उठलो हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नव्हतं. "प्रोफेसर साहब ने ठीक कहा था. मैंने ग़लत समझा. डिक्शनरी में पहला मतलब देखिए, जिससे रिज़ल्ट निकलता है. मैंने अलार्म लगाया, पानी बचा, वो भी रिज़ल्ट. मैंने निकाला, ग्रेवालजी की छत गिरी, वो भी रिज़ल्ट. तो मैं हुआ कॉन्सिक्वेन्शियल आदमी. अलार्म आज शाम को वापस लग जाएगा. और ग्रेवालजी, मैं माफ़ी माँगता हूँ."

खरं तर पहिला अर्थ त्यांनी उलटाच सांगितला होता, आणि माणसाच्या बाबतीत तो वापरतही नाहीत. घटना तशी असते, नुकसान तसं असतं, माणूस नाही. प्रोफेसरांच्या ओठांचा कोपरा हलला, ही चूक दुरुस्त करायला त्यांचा हात आपोआप लाल पेनाच्या खिशाकडे गेला, आणि मग त्यांनी तो हळूच खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं चुकीचं इंग्रजी तसंच जाऊ दिलं होतं.

टाळ्या झाल्या. ग्रेवाल पाकळी खिशात घालत म्हणाले, "माफ़ी दिल से माँगी है तो ठीक है जी, छत सोसाइटी करा दे." सगळ्यांनी हात वर केले. अभिषेकने समोसे फिरवले.

लिफ्टला कुलूप लागलं होतं. ज्ञानदा मैत्रिणींत रमली, आणि नंदकुमार रागिणीच्या मागून जिना चढू लागले. मनात त्यांना थोडं थोर वाटत होतं. आपण किती मोठी गोष्ट पोटात ठेवली आहे, हे कधीच कुणाला कळणार नाही, याचं गोड दुःखही होत होतं.

दुसऱ्या मजल्यावर रागिणी मागे न बघता म्हणाली, "बरं केलंत हो. बिचारे प्रोफेसर. त्यांना 'कॉन्शिएन्शियस' म्हणायचं होतं."

नंदकुमार कठड्याला धरून उभे राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"मिसेस अहलुवालियांनी. सोळा ऑगस्टला, फिरताना. हसून हसून बाकावर बसल्या होत्या."

"सोळा ऑगस्टला!" त्यांचा आवाज जिन्यात घुमला. "सोळा ऑगस्टपासून तुला माहीत आहे? आणि मी कोर्टात गेलो, सोसायटी बुडवली, तरी तू..."

"सांगायला आले की. एकदा 'थांब' म्हणालात. एकदा त्यांचं नावच नको म्हणालात. मग म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू." ती आता वळून त्यांच्याकडे बघत होती. "हवाई दलाला विचारलंत. वकिलाला विचारलंत. झुरळांचं औषध मारणाऱ्याला विचारलंत. मला विचारलंत का?"

यावर नंदकुमारांना पुष्कळ काही सुनावायचं होतं. शब्दही सगळे नेमके सुचले होते. पण त्यांना धाप लागली होती, अजून तीन मजले चढायचे होते, आणि घराची किल्ली रागिणीजवळ होती.